दात पडल्याचे स्वप्न

घरातील वडीलधारे माणूस पहाटे दचकून उठले आणि वाईट स्वप्न पडल्याचे सांगू लागले, तर आपण काय करतो? दात पडले म्हणजे घरात मर्तिक, असे ठोकताळे कोकणात शेजारपाजारी ऐकत आपणही धरून चाललो. आपल्या धर्मशास्त्राचे याविषयी म्हणणे काय, हे पाहण्याचा प्रसंग आमच्यावर दुबईत आला. म्हणून हे चार शब्द.

2023 च्या मे महिन्यात आमच्या मातोश्री काही दिवस आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. वय 76, शिवाय मधुमेह. एका शब्बाथच्या पहाटे त्या रडतच उठल्या. स्वप्नात त्या नवगावच्या किनाऱ्यावर, आपल्या पूर्वजांचे तारू फुटले असे आपण मानतो तेथे, उभ्या होत्या आणि त्यांचे दात एकेक करून पदरात गळत होते. "धाकट्याचं काही खरं नाही रे. मला आजच्या आज पनवेलला पाठव," एवढेच त्या म्हणत होत्या. धाकटा म्हणजे आमचे मामा. घराच्या वाटणीवरून बहीणभावांत नऊ वर्षे बोलणे नव्हते.

आमच्या पत्नीने त्यांना चहा दिला. त्यांनी कप दूर सारला. "आज मी उपास धरणार," म्हणाल्या. शब्बाथच्या दिवशी उपास कसा चालेल, या विचाराने आम्ही ग्रंथ काढून बसलो.

पाहतो तो, मातोश्रींचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरूख' हा आचारग्रंथ रचला. शब्बाथलाही उपास धरता येईल अशी मोजकी स्वप्ने त्यात सांगितली आहेत. सेफर तोरा जळताना दिसणे, घराच्या तुळया कोसळणे, आणि दात पडणे! म्हणजे या स्वप्नाची धास्ती केवळ कोकणातली नव्हे. आपल्या विद्वानांनाही ती ठाऊक होती. परंतु त्यांनी तिच्यावर कोणता उपाय सांगितला, हे पाहण्यासारखे आहे.

तालमूदच्या 'बेराखोथ' भागात स्वप्नांविषयी बरीच चर्चा आहे. एका रब्बींनी आपले स्वप्न यरुशलेममधील चोवीस स्वप्नपाठकांना सांगितले. प्रत्येकाने निराळा अर्थ सांगितला आणि सर्वच अर्थ खरे ठरले, असे तेथे म्हटले आहे. बार हेद्या नावाच्या स्वप्नपाठकाची गोष्टही तेथेच आहे. पैसे देणाऱ्यास तो शुभ अर्थ सांगे, न देणाऱ्यास अशुभ. तात्पर्य, स्वप्न हे अर्थ सांगणाऱ्याच्या तोंडामागे जाते. म्हणून वाईट स्वप्न वाटेल त्याच्यापुढे उघड करू नये, हा त्यातला व्यवहार.

मग ज्याचे मन खिन्न झाले त्याने काय करावे? त्यावर 'हतावथ हलोम', म्हणजे स्वप्न शुभ करण्याचा विधी, तालमूदने दिला आहे. तीन जणांना बसवावे. आपण चांगले स्वप्न पाहिले, असे त्यांना सांगावे. त्यांनी सात वेळा ते चांगलेच आहे आणि चांगलेच होवो, असे म्हणावे. त्यानंतर पालट, सुटका आणि शांती यांविषयीची शास्त्रातील तीन-तीन वचने म्हणावीत. आम्ही उभयता आणि आमचा थोरला मुलगा असे तिघे त्या सकाळी बसलो. सातव्या वेळी मातोश्रींचा हात थरथरायचा थांबला.

उपासाचा प्रश्न मात्र राहिलाच. मधुमेहाच्या रोग्याने उपाशी राहणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि जीव वाचवणे हे तर शब्बाथहूनही मोठे. येथे आम्हांला वाट दाखवली ती मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम यांनी. ते स्वतः वैद्य होते. वाईट स्वप्न पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उपास करावा, शब्बाथ असला तरी करावा, असे तेही सांगतात. परंतु कारणही देतात. माणसाने जागे व्हावे, आपली कृत्ये तपासावीत आणि पश्चात्तापाने परतावे, यासाठी तो उपास आहे. उपास हे साधन झाले. तपासणी हे साध्य.

शास्त्रातील मोठी स्वप्ने याच रीतीने उलगडलेली दिसतात. योसेफाने फारोला सात गाईंचा नुसता अर्थ सांगितला नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवावा, हेही सांगितले. दानिएलाने नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातील तोडलेल्या झाडाचा अर्थ सांगितला आणि लागलीच दीनदुबळ्यांवर दया करण्याचा सल्ला दिला. ज्या अर्थातून कर्तव्य निघत नाही, तो अर्थ अपुरा.

हे आम्ही मातोश्रींना वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तपासायचं ते मला ठाऊक आहे." त्यांनी जेवण घेतले, गोळ्या घेतल्या. तारे दिसल्यावर, शब्बाथ उलटल्यावर, त्यांनीच पनवेलचा फोन लावावयास सांगितले. मामांनी आवाज ओळखला आणि विचारले, "ताई, जेवलीस का?" पुढे दोघांनाही बोलवेना. त्याच रात्री पोहे, गूळ आणि ओले खोबरे घालून आम्ही मलिदा केला आणि एलियाहू हन्नाबींचे स्मरण केले.

पुढे थोड्या दिवसांनी आम्ही सर्वजण अबुधाबीस गेलो. तेथे सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशा तीन सारख्या आकाराच्या इमारती 2023 च्या प्रारंभी उघडल्या. त्यातील सिनेगॉगला रामबाम यांचेच नाव आहे. त्यांचे धाकटे बंधू दावीद हे व्यापारी. हिंदुस्थानकडे येताना ते समुद्रात बुडाले आणि त्या दुःखाने रामबाम सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले होते. पुढे 1204 साली वारण्यापूर्वी काही वर्षे, लुनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानातील यहुद्यांचाही उल्लेख केला: त्यांना तोरा ठाऊक नाही, शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता तेवढी ते पाळतात. ते यहुदी म्हणजे आपलेच पूर्वज, असे पुष्कळांचे मत आहे.

ही हकिकत ऐकून मातोश्री म्हणाल्या, "भाऊ गेल्यावर वर्षभर रडले बिचारे. माझा तर जिवंत होता." मग त्या यरुशलेमच्या दिशेला तोंड करून शेमा म्हणाल्या. तोरा ठाऊक नसलेल्या त्या लोकांच्या लेकीने रामबाम यांच्या नावाच्या मंदिरात त्यांचाच उपदेश पाळून उभे राहावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटले.

मामा सुखरूप आहेत. 2024 च्या पेसाहला बहीणभाऊ पनवेलला एका पंगतीस बसले. स्वप्नाने मृत्यू सांगितला नव्हता. नऊ वर्षांचा अबोला तेवढा दाखवला होता. तेव्हा समाजबंधूंनो, घरात कोणाला असे स्वप्न पडले, तर कोण जाणार हे विचारू नये. कोणाकडे जावयाचे राहिले आहे, ते विचारावे.