आईचे वाल आणि कर्जाच्या फॉर्ममधला एक रकाना

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या हातून एक नुकसान झालं, त्यावरून हे लिहावंसं वाटलं.

आईचं माहेर घोलवडचं. तिथून तिने आणलेले कडवे वाल आम्ही सिल्वासातल्या घरामागच्या तुकड्यात चाळीसेक वर्षं लावत आलो. ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. शेंगा फाल्गुनात वाळतात आणि पेरणी भात निघाल्यावर कार्तिकात. म्हणजे वालाच्या बियाण्याला मधला अख्खा पावसाळा घरात काढावा लागतो, आणि आमचा इथला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहेच, चपलांवरसुद्धा बुरशी येते. मी दोन दिवस ऊन दाखवलं आणि गरम गरमच वाल प्लास्टिकच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. कार्तिकात उघडलं तर कुबट वास. शंभरातले चारही उगवले नाहीत.

आई काय करायची ते मी लहानपणापासून बघत होतो, पण लक्ष दिलं नव्हतं. ती चांगले चार-पाच दिवस ऊन द्यायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, नुसता दबला तर अजून ऊन हवं. मग रात्रभर सुपात निवू द्यायची, कारण गरम दाणा बंद केला की आतल्या आत घाम सुटतो. शेवटी चुलीची चाळलेली राख मिसळून मडक्यात, वर शेणामातीने तोंड लिंपलेलं. राखेचं कारण मला फार उशिरा कळलं. कडधान्याचा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच, शेंगेवर अंडी घालून घरात येतो. राख दाण्यांमधल्या फटी भरते, त्याला फिरायला जागा उरत नाही आणि अंगही खरवडून निघतं. प्रमाणित बियाण्याच्या नियमात कडधान्याला ९ टक्के आणि भाताला १३ टक्के ओलावा ही वरची मर्यादा आहे. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की ओलावा १ टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. मी बी.कॉम., चक्रवाढ व्याज मला चटकन कळतं. हे त्याचंच भावंड.

आता खरी गोष्ट. १९८४ साली माझी बदली इथल्या शाखेत झाली. या मुलखाचा इतिहास आपण २ ऑगस्ट १९५४ पासून सांगतो, आणि तो अभिमानाचा आहेच. पण त्याआधीचा हिशेबही बघावा. मराठी आरमाराने सांताना नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं, त्याची भरपाई म्हणून १७८३ ते ८५ मध्ये पेशव्यांकडून दादरा-नगर हवेलीच्या ७२ गावांचा महसूल पोर्तुगीजांना गेला. म्हणजे ही गावं कागदावर एका नुकसानीची परतफेड होती. आणि त्या महसुलाचं भात पिकवणारे होते वारली, कोकणा, धोडिया.

शेजारच्या उंबरगाव-तलासरीत १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, त्यामागे वेठ होती तसंच कर्जही होतं. पावसाळ्यात घरचं धान्य संपलं की सावकाराकडून उसनं घ्यायचं आणि सुगीला वाढीव परत करायचं. अशा घरात बियाणं वेगळं ठेवणं म्हणजे पोरं उपाशी असताना भरल्या कणगीकडे पाठ करून बसणं. ज्यांना ते जमलं त्यांना निदान पेरणीसाठी हात पसरावा लागला नाही. वारली लोक धान्याला कणसरी देवी मानतात. त्यामागे ही भूकही असणार असं माझं मत.

आमच्या पीककर्जाच्या फॉर्ममध्ये 'बियाणे' असा रकाना होता. त्याची रक्कम दुकानाच्या पावतीवरच मिळे. खानवेलकडची एक म्हातारी मुलाला घेऊन आली. म्हणाली, "साहेब, बी घरात हाय, पैसे बैलाला द्या." मी म्हणालो, "आजी, पावती आणा." नियम तसा होता आणि मी तो पाळला. त्यांनी सुधारित भात घेतलं. पीक बरं आलं, हप्ताही वेळेवर आला. माझ्या रजिस्टरमध्ये ते खातं चांगल्या खात्यांत गणलं गेलं.

दोन वर्षांनी वसुलीच्या फेरीत त्यांच्या घरी गेलो. बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी कोपऱ्यात होती, रिकामी. घरच्या भाताचं काय झालं विचारलं. पहिल्या वर्षी पेरलं नाही म्हणून ठेवून दिलं होतं, दुसऱ्या वर्षी पेरलं तर जेमतेम उगवलं, उरलेलं कांडून खाल्लं. सुगीचं भात पुढच्या मृगापर्यंत कोरड्या महिन्यांतून जातं म्हणून टिकतं. मध्ये एक पावसाळा गेला की इथल्या दमट हवेत ते खचतं. त्या भाताचं नावही मी विचारलं नाही.

पुढे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-विकण्याचा हक्क लेखी मिळाला, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली ती गावरान वाण सांभाळल्याबद्दल. टीव्हीवर त्यांच्या घरातली मडकी दाखवली तेव्हा मला खानवेलची ती कणगी दिसत होती. मी चॅनल बदललं, हे कबूल करतो.

वालाचं म्हणाल तर घोलवडच्या मामेबहिणीकडे आईच्याच वालाचं बी निघालं. तिने ओंजळभर दिलं, वर "दादा, बरणीत घालू नकोस हं" असं बजावलं. थंडीत उशिराच लावले. यंदा पाच दिवस ऊन दिलं, निववले, राख गॅसमुळे घरात मिळेना म्हणून इस्त्रीवाल्याकडून आणली. भरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. काल सोडले, नऊ फुटलेत.