लोकमान्यांचे अखेरचे दुखणे

बेळगावकरांना टिळक आठवतात ते १९१६ सालचे. त्या वर्षी एप्रिलअखेर प्रांतिक परिषद बेळगावात भरली, तिथेच त्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, आणि १ मेच्या येथील भाषणावरून (पुढे नगरच्या भाषणांवरूनही) सरकारने त्यांच्याकडे जामीन मागितला. नोटीस हाती पडली ती २३ जुलैला, साठीच्या वाढदिवशी. हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली व टिळक सुटले. आपल्याकडच्या मुलांना हे पाठ असते. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले, हेही पाठ असते. पण कशाने गेले, असे विचारले की वर्ग गप्प.

ते गेले न्यूमोनियाने. ताईमहाराज प्रकरणासाठी जुलैत मुंबईस आले होते, मुक्काम सरदारगृहात. मधुमेह जुना, मंडालेच्या सहा वर्षांनी शरीर झिजलेले. आधी हिवतापासारखा ताप आला, मग छाती भरली. शेवटच्या दिवसांत शुद्ध हरपे, आणि त्या भ्रमातही ते देशाच्याच गोष्टी बोलत, असे चरित्रकार सांगतात. आपण ते देशभक्तीची परमावधी म्हणून वाचतो. ती होतीच. पण डॉक्टर तेच वाक्य आजाराचे लक्षण म्हणून वाचील.

तरुणाला न्यूमोनिया झाला तर सणसणून ताप, छातीत कळ, गंजाच्या रंगाचा बेडका. म्हातारपणी हे सगळे दिसेलच असे नाही. अंगाला हात लावावा तर ताप नाही, खोकला नावापुरता. मात्र कालपर्यंत पेपर वाचणारे आजोबा एकाएकी माणसे ओळखेनासे होतात, जेवण टाकतात, मोरीकडे जाताना पडतात. श्वास तेवढा भरभर चालतो. आपण म्हणतो ‘वात झाला’, शेजारचे कानडी घर म्हणते ‘सन्नी’. दोन्ही भाषांनी लक्षण अचूक हेरले आहे. दुखणे छातीचे आहे, हे तेवढे राहून जाते. निपाणीकडे तर तंबाखूच्या वखारीत हयात गेलेल्यांचा खोकला बारमाही, नव्या खोकल्याकडे लक्ष कुणाचे जाणार?

सर विल्यम ऑस्लर या मोठ्या डॉक्टरांनी न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हटले होते, फारसा त्रास न देता नेतो म्हणून. १९१९च्या डिसेंबरात ते स्वतःही छातीच्या याच विकाराने गेले. ही मैत्री मला काही पटत नाही.

टिळकांच्या डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. इन्शुलिन रोग्याला प्रथम टोचले गेले १९२२ साली; पेनिसिलीनचा शोध १९२८चा, आणि रोग्यांपर्यंत ते पोचायला चाळिशीचे दशक उजाडले. आज औषध तालुक्याच्या गावीही मिळते. वेळ जातो तो ओळखण्यात. ब्रिटिश डॉक्टरांनी २००३ साली या रोगाची तीव्रता मोजण्याची एक सोपी पद्धत मांडली. रक्तातला युरिया आणि रक्तदाब दवाखान्यातच कळायचे, पण उरलेल्या तीन गोष्टी घरी कळतात: वय ६५ किंवा अधिक, नव्याने आलेला भ्रम, आणि मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास. श्वास मोजायला घड्याळ पुरते. पोट वरखाली होते ते पूर्ण मिनिटभर, आजोबांना न सांगता मोजावे. सांगितले की माणूस श्वास सावरून घेतो.