शिडाची बोट हिवाळ्यासाठी शाकारताना

चेसापीकच्या उपसागरात शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो. ऑक्टोबरमधले ॲनापोलिसचे बोट-प्रदर्शन पाहून झाले की आमच्यासारख्या हौशी मंडळींना वेध लागतात ते बोट काठावर घेण्याचे. आपल्या मंडळातल्या काही कुटुंबांनी अलीकडे छोट्या बोटी घेतल्या आहेत आणि "हिवाळ्यात नक्की काय काय करायचे?" असे आम्हाला वारंवार विचारले जाते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटतात. तिथे भीती खवळलेल्या समुद्राची. इथे गोठणाऱ्या पाण्याची. पाणी गोठले की सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. नळीत किंवा पंपात राहिलेले कपभर पाणीसुद्धा जाड धातूला तडा देऊ शकते.

घरी परतताना

यार्डची तारीख लवकर ठरवा. थंडीची पहिली लाट आली की सगळ्यांना एकाच आठवड्यात क्रेन हवी असते. शेवटच्या सफरीपूर्वी डिझेलची टाकी जवळजवळ पूर्ण भरा, म्हणजे आतल्या रिकाम्या जागेत दव साचत नाही. त्याच वेळी जंतुनाशक टाकले की परतीच्या वाटेवर इंजिन चालताना ते सगळीकडे पोचते. शौचालयाची टाकी पंप-आऊट केंद्रावर रिकामी करून घ्या. शिडे गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, घडी करून घरी आणा. गुंडाळलेले पुढचे शीड तसेच ठेवले तर हिवाळी वाऱ्यात ते सुटते आणि फाटते.

बोट काठावर आल्यावर

बोट बाहेर काढल्या काढल्या तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. शेवाळ आणि शिंपले ओले असतानाच निघतात. वाळल्यावर तासावे लागतात. बोटीचा भार कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर हवा. बाजूचे लोखंडी टेकू फक्त तोल सांभाळतात आणि समोरासमोरचे टेकू साखळीने जोडलेले हवेत. ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री ओढली तर टेकू निसटतो आणि बोट कलंडते.

इंजिन

१. इंजिन गरम असताना तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. वापरलेल्या तेलातली आम्ले महिनोन्महिने आत राहिली तर बेअरिंग खातात.

२. बाहेरचे पाणी आत घेणारी नळी सीकॉकवरून, म्हणजे तळाच्या भोकावरच्या झडपेवरून, काढा आणि गुलाबी अँटिफ्रीझच्या बादलीत सोडा. एक्झॉस्टमधून गुलाबी द्रव येईपर्यंत इंजिन चालवा. एकाने बादलीवर लक्ष ठेवावे, कारण पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरला की लगेच खराब होतो.

३. तुमचे इंजिन थेट उपसागराच्या पाण्याने थंड होत असेल तर आधी ते पूर्ण गरम करा. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय अँटिफ्रीझ आतपर्यंत पोचत नाही.

गुलाबी अँटिफ्रीझ म्हणजे प्रॉपिलिन ग्लायकॉल. गाडीत सहसा वापरतात ते एथिलिन ग्लायकॉल विषारी असते. ते पिण्याच्या पाण्याच्या टाकीत चुकूनही घालू नका. बाटलीवरचा उणे ५० फॅरनहाइट हा आकडा नळी फुटण्याबद्दलचा आहे. द्रव त्याच्या बराच आधी बर्फाच्या गोळ्यासारखा घट्ट होतो. शिवाय आत पाणी राहिले असेल तर तो पातळ होऊन संरक्षण कमी होते. म्हणून आधी पाणी काढायचे, मग अँटिफ्रीझ.

पाण्याच्या टाक्या, बॅटरी आणि आतला भाग

टाक्या आणि पाण्याचा हीटर रिकामे करा, हीटरला बायपास द्या आणि प्रत्येक नळातून गुलाबी द्रव येईपर्यंत पंप चालवा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! पहिल्या वर्षी आम्ही मागच्या बाजूचा, पाय धुण्याचा छोटा शॉवर विसरलो. एप्रिलमध्ये पंप सुरू केल्यावर त्याच्या फुटलेल्या नळीतून टाकीतले सगळे पाणी इंजिनाखाली जमा झाले.

पूर्ण भारलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी २० फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सिअस) आसपास गोठू शकते. ती चार्ज करून तारा सोडवा. गॅसचा सिलिंडर, खाण्याचे सगळे पदार्थ आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू उतरवा. मसाल्याचा डबासुद्धा, उंदरांना तो कुठेही सापडतो. गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारे उघडी ठेवा आणि ताडपत्रीखाली हवा खेळू द्या. कॉकपिटची गटारे पानांनी तुंबणार नाहीत हे महिन्यातून एकदा जाऊन पाहा. तिथे साचलेले पाणी बोटीत उतरते.

सर्वात महत्त्वाचे : वही

वरच्या कामांत आपण कितीतरी गोष्टी उघडतो, सोडवतो, काढून ठेवतो. नोव्हेंबरमध्ये वाटते की हे सगळे लक्षात राहील. एप्रिलमध्ये पहिल्या उन्हाच्या घाईत काही आठवत नाही. काठावर असताना सुटी राहिलेली नळी निरुपद्रवी असते. तीच नळी पाण्यात उतरल्यावर बोट बुडवू शकते.

म्हणून आमच्याकडे एक वही आहे. काढलेली प्रत्येक नळी आणि उघडा ठेवलेला प्रत्येक सीकॉक त्यात लिहिला जातो, आणि तिथे लाल फीत बांधली जाते. फिती बांधणे आणि मोजणे हे मुलांचे काम. फितींची संख्या एका चिठ्ठीवर लिहून ती इंजिनाच्या किल्लीला अडकवायची. वसंतात तेवढ्या फिती हातात आल्याशिवाय किल्ली लावायची नाही.

बोट पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नका. बोट पट्ट्यांवरच तरंगत असताना टॉर्च घेऊन आत जा आणि प्रत्येक सीकॉक हाताने चाचपा. सगळे कोरडे असेल तरच "सोडा" म्हणा. यार्डची माणसे पाच मिनिटे थांबतात. त्यांनी बुडालेल्या बोटी पाहिलेल्या असतात.

त्यानंतर नारळ वाढवायचा आणि निघायचे. सर्वांना सुखरूप हिवाळ्याच्या शुभेच्छा!