सोवळं पैठणचं, सोवळं बॉस्टनचं

या विकांताला नॅथनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' वाचून संपवली. सतराव्या शतकातलं बॉस्टन, व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लाल 'ए' वागवणारी हेस्टर, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा प्युरिटन समाज. वाचताना सारखं पैठण आठवत होतं.

पैठण म्हणजे दक्षिण काशी, धर्माचं हायकोर्टच म्हणा ना! संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्र मागायला इथेच आली, असं परंपरा सांगते. पुढे याच गावात एकनाथ झाले. श्राद्धासाठी रांधलेलं अन्न त्यांनी अस्पृश्यांना वाढलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली.

पण ती सांगतंय कोण? घरोघरी पोचवली ती महिपतींनी. नाथांची समाधी १५९९ ची, महिपतींचं 'भक्तविजय' १७६२ चं. हॉथॉर्नचंही तसंच: कथा १६४० च्या दशकातली, पुस्तक १८५० चं. दोन्हीकडची कर्मठ मंडळी आपल्याला भेटतात ती दीड-दोनशे वर्षांनंतरच्या लेखणीतून, आणि तीही विरुद्ध बाजूच्या.

मग त्यांची स्वतःची बाजू? ती लिहिलेली आहे, आपण वाचत नाही इतकंच. ॲन ब्रॅडस्ट्रीट ही पक्की प्युरिटन बाई. १६६६ साली घर जळालं तेव्हा तिने कविता लिहिली. त्यात ती जळलेल्या वस्तूंसाठी हळहळते आणि लगेच, ऐहिकात जीव गुंतला म्हणून स्वतःलाच दटावते. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला. कुठलं व्रत कोणत्या तिथीला, श्राद्ध कसं, सुतक किती दिवस, सगळ्याचा काटेकोर निवाडा. (शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले!)

दोन्हीकडे सोवळंच, पण फरक मोठा आहे. प्युरिटनांचं पाप मनात. कोणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलेलं, म्हणून माणूस जन्मभर स्वतःचंच मन तपासत बसतो. पैठणचा विटाळ स्पर्शात, ताटात, जन्मात. चुकलेल्याला प्रायश्चित्त होतं, पण जन्मानेच बाहेर ठेवलेल्याला तेही नाही.

आणि गंमत बघा, धर्मग्रंथ प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचावा हा प्युरिटनांचा आग्रह. म्हणजे याबाबतीत ते पैठणच्या शास्त्र्यांच्या नव्हे, तर १५७३ मध्ये भागवत मराठीत आणणाऱ्या नाथांच्या बाजूचे! नाथांचा मुलगा हरिपंडित मात्र, परंपरेनुसार, वडिलांच्या मराठी प्रवचनांवर रुसून काशीला गेला होता. कर्मठपणा गावातच नव्हे, घरातही होता.

हॉथॉर्नला हे नीट कळलं होतं. त्याचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न १६९२ च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होते. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच त्याने पूर्वजांची लाज स्वतःवर घेतली.

आपण मात्र नाथांची गोष्ट सांगताना नेहमी नाथांच्याच पंगतीत बसलेले असतो. त्या दिवशी पानावरून उठून गेलेले लोक कोणाचे खापरपणजोबा होते, हे कोणी विचारतच नाही.