कवचधारी : एका शब्दाचा अर्थ आणि वापर



शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या गांवीं दोन गोष्टी सहज दृष्टीस पडतात : घरांवर एकावर एक चढविलेलीं कौलें, आणि पलीकडे माहुलीचा किंवा सिद्धगडाचा काळा कडा. आज ज्या शब्दाचा विचार करावयाचा आहे, तो समजण्यास या दोहोंचाही उपयोग होईल. तो शब्द 'थायरिओफोरा'. डायनासोर नांवाच्या नामशेष प्राण्यांपैकीं अंगावर हाडांचें चिलखत वागविणाऱ्या एका कुळास प्राणिशास्त्रांत हें नांव आहे.

शब्द ग्रीक आहे. 'थायरिऑस' म्हणजे मोठी लांबट ढाल. ती दाराच्या आकाराची असे, म्हणून दाराच्या शब्दावरूनच तिला हें नांव मिळालें. 'फोरा' म्हणजे धारण करणारे. १९१५ सालीं हंगेरीचे शास्त्रज्ञ नोप्चा यांनीं हा शब्द बनविला, आणि त्यांत शिंगें असलेले डायनासोरही घातले. पुढें तो बराच मागें पडला. १९८० नंतरच्या दशकांत त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां शिंगाळे वगळले गेले आणि दोन मुख्य शाखा राहिल्या : पाठीवर उभे पत्रे असलेला स्टेगोसॉरस व त्याचे भाऊबंद, आणि सर्वांग हाडांच्या तुकड्यांनीं मढविलेला अँकिलोसॉरस व त्याचे भाऊबंद.

वस्तु मात्र नांवाहून जुनी. १८४२ सालीं इंग्लंडांत ओवेन यांनीं 'डायनोसॉरिया' हा वर्ग स्थापिला, तो ज्या तीन प्राण्यांवरून, त्यांतील हायलिओसॉरस हा कवचाचाच होता. १८७७ सालीं अमेरिकेंत मार्श यांनीं स्टेगोसॉरस हें नांव दिलें. त्याचा अर्थ 'छपराचा सरडा'. पाठीवरील पत्रे कौलांप्रमाणें आडवे पसरलेले असावेत, अशी त्यांची प्रथम समजूत होती. पुढें ते उभे असल्याचें ठरलें. कल्पना गेली, नांव राहिलें. नांवाचा अर्थ हा नांव देणाऱ्याच्या त्या वेळच्या समजुतीचा पुरावा असतो, वस्तूच्या स्वरूपाचा नव्हे.

मराठींत या कुळास काय म्हणावें? 'ढालधारी' हें शब्दशः भाषांतर होईल. परंतु ढाल हातांत धरावयाची व खालीं ठेवावयाची. या प्राण्यांचीं हाडें कातडींतच उपजत व देहाबरोबर वाढत. आपल्याकडे असें उदाहरण एकच, महाभारतांतील कर्णाचें. त्याचें कवच जन्मजात होतें. म्हणून 'कवचधारी' हा शब्द अधिक सरस वाटतो.

तथापि खरी अडचण पुढेंच आहे. कवच दिसलें म्हणजे प्राणी कवचधारी कुळांतला ठरतो काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशांत शोधावें लागलें. नर्मदाकांठच्या लमेटा घाटावरून ज्या खडकांस नांव पडलें, त्यांच्या थरांत, जबलपूरच्या बारा सिमला टेकडींत, मॅटली यांना १९१७ च्या सुमारास कांहीं हाडें व कवचाचे तुकडे मिळाले. १९२३ सालीं त्यांनीं त्यांवरून 'लॅमेटासॉरस इंडिकस' हा कवचाचा डायनासोर जाहीर केला. १९३५ सालीं चक्रवर्ती यांनीं प्रश्न उपस्थित केला कीं, हा खरोखर कवचाचा डायनासोर आहे काय? त्यांची शंका रास्त होती. आज असें मानतात कीं, कमरेचीं व पायाचीं हाडें एका मांसाहारी डायनासोरचीं, आणि कवचाचे तुकडे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे. अशा लांब मानेच्या प्राण्यांसही कवच असे, हें १९८० सालीं अर्जेंटिनांतील साल्टासॉरसनें सिद्ध केलें.

सारांश, कवच हें लक्षण आहे. कुळ हा वंश आहे. मगरीच्या पाठींतही हाडांचे पत्रे असतात, पण ती कवचधारी कुळांतली नव्हे. आपल्या सह्याद्रीच्या रानांतील खवल्या मांजराचे खवले तर हाडांचे नसून नखांच्याच द्रव्याचे असतात. लोक त्यास मांजर म्हणतात, म्हणून तें मांजराच्या जातीचें होत नाहीं. बोलीनें रूप पाहून नांव ठेवावें, यांत दोष नाहीं. शास्त्रानें मात्र वंश पाहूनच नांव लावावें.

राहिला माहुलीचा काळा कडा. तो, आणि मुरबाडच्या माथ्यावरील नाणेघाटाचा सारा कातळ, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. त्या तप्त रसांत हाडें टिकणें कठीण. आपल्या राज्यांत डायनासोरचे अवशेष मिळाले ते चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुऱ्यासारख्या ठिकाणीं, लमेटाच्या गाळाच्या थरांत. म्हणून शहापूरच्या मुलांनीं डोंगरांत कवचधाऱ्याचें हाड शोधीत बसूं नये. परंतु कोणी कवचाचा तुकडा पुढें ठेवून त्यावरून कुळ सांगूं लागला, तर बाकीचीं हाडें कोठें आहेत व तीं एकाच प्राण्याचीं कशावरून, एवढें त्यांनीं अवश्य विचारावें.