शिपायांचीं पत्रें

युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या खलित्यांवरून वाचतों. कोणतें ठाणें पडलें, किती मुलूख मिळाला, हें त्यांत सांपडतें. पण ज्याच्या देहावरून ती लढाई गेली त्या साध्या शिपायाच्या मनाचें काय झालें, हें कळावयास त्यानें घरीं धाडलेल्या पत्रांसारखें दुसरें साधन नाहीं. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांतील मजकूर आज उपलब्ध आहे, आणि तो उरण्याचें कारण मोठें विलक्षण आहे.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी मार्सेल्स बंदरांत उतरल्या. त्यांचीं पत्रें तपासण्यासाठीं सरकारनें एक कचेरी थाटली. कॅप्टन हॉवेल हा तिचा मुख्य. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा नाना भाषांतील पत्रें तेथें वाचलीं जात आणि निवडक उताऱ्यांचें इंग्रजी भाषांतर वरिष्ठांकडे जाई. हीं भाषांतरें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. शिपायाचें हृद्गत आपल्यापर्यंत पोंचलें, तें पहारेकऱ्याच्या हातून!

त्या रणाची कल्पना यावी म्हणून एकच प्रसंग सांगतों. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल या गांवावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर सफरमैनांच्या दोन कंपन्या चालून गेल्या. या सफरमैनांचें ठाणें आपल्या पुण्याजवळचें खडकी. घरोघर झुंजून ते गांवांत शिरले. परंतु गांव टिकवितां आलें नाहीं आणि माणसें मात्र फार पडलीं.

अशा दिवसांनंतर पत्रांतील सूर पालटला. कित्येकांनीं या संहाराला महाभारताची उपमा दिली. बरी झालेली जखम घेऊन पुन्हां खंदकांत जावें लागतें, ही व्यथा वारंवार येऊं लागली. कोणी सांकेतिक भाषा वापरी: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरा. १९१५ च्या जानेवारींत हॉवेलनें आणखी एक गोष्ट टिपली. पुष्कळ शिपाई पत्रांत कविता करूं लागले होते, आणि हें त्याला मानसिक अस्वस्थतेचें अशुभ लक्षण वाटलें. त्याच वर्षीं डॉक्टर मायर्स यांनीं वैद्यकीय नियतकालिकांत ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. आमच्या शिपायाजवळ तो शब्द नव्हता. त्याच्याजवळ पुराणांतील उपमा होत्या.

तथापि हीं पत्रें वाचतांना एक विवेक राखला पाहिजे. पुष्कळांना लिहितां येत नसे. ते साक्षर सोबत्याकडून लिहवून घेत. गांवीं तें पत्र कोणी तरी सर्वांना वाचून दाखवी. मध्यें सरकारी डोळा असे. म्हणजे एका माणसाचें दुःख किमान तीन परक्यांसमोर उघडें पडावयाचें. मग तो आईला ‘मी खुशाल आहें’ याहून अधिक काय लिहिणार? म्हणून लिहिलेल्या वाक्याइतकेंच न लिहिलेलें वाक्यहि इतिहासकाराला वाचतां आलें पाहिजे.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्सांतून हलविलें गेलें. न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं स्मारक उभें राहिलें. ज्यांची समाधि सांपडली नाहीं अशा ४,७०० हून अधिक जणांचीं नांवें त्यावर आहेत. तीं वाचून संख्या कळते. त्या संख्येंतील प्रत्येकाला भीति होती, थंडी वाजत होती, घर आठवत होतें, हें मात्र पत्रेंच सांगतात. शौर्याचा गौरव करतांना त्या शौर्याची किंमत कोणीं मोजली, याचा विसर आपणांस न पडो.