पेडण्याचा बोगदा आणि एक कोरा रकाना

हल्ली मुंबई-पुण्यात जमिनीखाली मेट्रोची स्टेशनं झाली, नातवंडं त्याचे फोटो पाठवतात. ते बघताना मला हटकून आठवतो तो आमचा पेडण्याचा, मालप्याजवळचा कोकण रेल्वेचा बोगदा.

मी मूळ डिचोलीचा. १९९५ च्या सुमारास माझी बदली पेडण्याच्या शाखेत झाली. डिचोली-म्हापसा-पेडणे असा रोजचा बसप्रवास. डिचोलीवाल्याला खोदकामाचं काय कौतुक? लहानपणापासून खाणी बघितलेल्या. पण खाणीत डोंगर वरून कापतात, इथे त्याच्या पोटात शिरायचं होतं.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं, ई. श्रीधरन अध्यक्ष. रोह्यापासून मंगळूरच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग आणि नव्वदच्या वर बोगदे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, पण तो खडकातला. यंत्रांनी भोक पाडलं की खडक आपला आपण उभा राहतो. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण पाण्याने भिजलेल्या चिकणमातीतला. तिथे यंत्र निरुपयोगी. हातांनी थोडं खणायचं, लगेच आधार द्यायचा, आणि पावसाळ्यात पुन्हा सगळं खाली. असं वर्षानुवर्षं चाललं.

कामावरचे मजूर शाखेत यायचे. ओडिशाचा एक तरुण, पायाला लाल माती तशीच, खातं उघडायला आला. फॉर्ममधला वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा, रकाना कोरा होता. काउंटरवर गर्दी होती. मी म्हटलं, "रहने दो, अगली बार भर देना।"

ती पुढची बारी आलीच नाही. बोगद्यात माती ढासळली, त्यात तो गेला. काही महिन्यांनी त्याचा भाऊ पासबुक घेऊन आला. रक्कम तीन हजारांच्या आत. पण नॉमिनी नाही म्हणून दाखले, हमीपत्र, सह्या. त्या पैशांसाठी बिचारा दोनदा ओडिशाहून आला. नियमाने सगळं बरोबर होतं. चूक माझी होती, दोन मिनिटांची.

२६ जानेवारी १९९८ ला मुंबई ते मंगळूर पूर्ण मार्ग सुरू झाला. शेवटपर्यंत अडून बसला होता तो हाच बोगदा. संपूर्ण प्रकल्पात चौऱ्याहत्तर जण कामी आले असं सांगतात. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याची भिंत कोसळली आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरलं. माती अजून विसरलेली नाही.

आता मुंबईला जाताना गाडी दोन-तीन मिनिटांत पलीकडे निघते. डब्यात कोणी मोबाइलवरून मानही वर करत नाही. मी मात्र गप्प बसतो. बायकोला कारण ठाऊक आहे.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही फॉर्म रकाना कोरा ठेवून पुढे सोडला नाही. तुम्हीही आज घरातली पासबुकं काढा आणि नॉमिनी लावलाय ना, तेवढं बघा.